एवढं मोठं चाक कशासाठी?

पुढे पुरुषभर उंचीचं चाक, मागे हातभर, आणि वर टोपी घातलेला मिशाळ साहेब. हे चित्र आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. हॉटेलांच्या भिंतींवर, कॉफीच्या मगांवर, भेटकार्डांवर ते शोभेसाठी छापलेलं असतं आणि पाहणारा जो तो हसतो. आगगाड्या धावत्या करणाऱ्या, लोखंडी पूल उभारणाऱ्या इंग्रजांना दोन सारखी चाकं लावायचं सुचू नये? खरी गोष्ट अशी, की सुचलं होतं. जगातल्या पहिल्या दुचाकीची दोन्ही चाकं सारखीच होती. ती सोडून कारागीर जाणूनबुजून मोठ्या चाकाकडे वळले, आणि माझ्या मते त्या वेळच्या हिशेबाने त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

ही पहिली दुचाकी जर्मनीतल्या बाडेन संस्थानच्या एका जंगल अधिकाऱ्याने केली. कार्ल फॉन ड्राइस त्याचं नाव. १२ जून १८१७ रोजी तो मानहाइम शहरातून श्वेट्झिंगनच्या रस्त्याला लागला, वाटेतल्या घोडे बदलायच्या ठाण्यापर्यंत गेला आणि तासाभरात घरी परतला. जाऊन-येऊन चौदाएक किलोमीटर. त्याचं यंत्र लाकडी होतं. एकामागे एक दोन चाकं, मधे तुळई, तिच्यावर बसायला गादी, कोपरं टेकायला फळी आणि पुढचं चाक वळवायला दांडा. वजन बावीस किलोंच्या आसपास. पायडल नव्हतं, पाय जमिनीला लावून रेटा द्यायचा आणि मग पाय उचलून घरंगळत जायचं. आज हे पोरखेळ वाटेल, पण एका रेषेतल्या दोन चाकांवर माणूस पडत नाही, ज्या बाजूला झुकतोय त्या बाजूला चाक वळवलं की तोल सावरतो, ही गोष्ट त्याआधी कुणी रस्त्यावर करून दाखवलेली नव्हती. सायकलीतला सगळ्यात अवघड शोध हाच. बाकीचं सगळं त्यावरची दुरुस्ती.

१८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेमुळे १८१६ साली युरोपात उन्हाळाच पडला नाही, पिकं बुडाली, घोड्यांचा दाणा महागला आणि म्हणून ड्राइसने बिनघोड्याचं वाहन शोधलं, अशी एक मांडणी अभ्यासक करतात. ती फारच नेटकी आहे, म्हणूनच मला थोडी संशयास्पद वाटते. ज्वालामुखी फुटायच्या आधीच, १८१३ मध्ये, ड्राइसने माणसाच्या बळावर चालणारी चारचाकी करून पाहिली होती. माणूस मुळात त्याच नादाचा होता. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन नावाच्या बग्ग्या बांधणाऱ्याने १८१८ मध्ये या यंत्राची सुधारलेली आवृत्ती काढली. १८१९ मध्ये लंडनच्या छानछोकी तरुणांना तिने वेड लावलं, व्यंगचित्रकारांना भरपूर काम दिलं, पदपथांवर चालवणाऱ्यांना दंड झाले आणि लवकरच सगळं थंडावलं. ड्राइस पुढे काही वर्षं ब्राझीलला जाऊन आला, १८४९ च्या क्रांतीत त्याने आपली सरदारकी सोडून दिली आणि १८५१ मध्ये दारिद्र्यात मेला.

यानंतरची चाळीसेक वर्षं जवळजवळ रिकामी आहेत आणि रिकामी जागा दिसली की देशाभिमान तिथे घुसतो. १८९१ मध्ये एका फ्रेंच लेखकाने सायकलीचा इतिहास लिहिताना काउंट द सिव्राक नावाचा संशोधकच निर्माण केला आणि त्याच्या नावावर अठराव्या शतकातलं एक यंत्र टाकलं. त्या यंत्राचा आणि त्या माणसाचा काहीही पुरावा नाही, तरी पाठ्यपुस्तकांत तो कित्येक दशकं सुखाने राहिला. स्कॉटलंडने कर्कपॅट्रिक मॅकमिलन या लोहाराला पुढे केलं. त्याने १८३९ मध्ये पायडलची दुचाकी केली, असा दावा त्याच्या एका आप्ताने अर्धशतकानंतर मांडला. १९७४ मध्ये तर लिओनार्दो दा व्हिंचीच्या कागदांत सायकलीचं चित्र सापडल्याचं जाहीर झालं, ते कुणीतरी नंतर काढलेलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. चौपाटीवर विमान उडालं होतं अशी बिनपुराव्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

पायडल नक्की आलं ते १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये. पिएर मिशो हा बग्ग्यांचं लोखंडी काम करणारा लोहार आणि पिएर लालमाँ हा कारागीर, यांच्यातलं श्रेय कुणाचं यावर अजून वाद आहे. लालमाँ १८६५ मध्ये अमेरिकेला गेला आणि २० नोव्हेंबर १८६६ रोजी पायडलच्या दुचाकीचं पेटंट त्याच्या नावावर लागलं, एवढं पक्कं. पॅरिसमध्ये ऑलिव्हिए बंधूंनी मिशोच्या धंद्यात पैसा घातला आणि १८६८ पर्यंत शहरात या यंत्रांचा सुळसुळाट झाला. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं होतं, लहान मुलांच्या तिचाकीला अजून असतं तसं. चाकं लाकडाची, वरून लोखंडी धाव. दगडी रस्त्यावर हाडं खिळखिळी व्हायची, म्हणून इंग्रजांनी त्याचं नावच ‘बोनशेकर’ ठेवलं.

पण हाडांपेक्षाही मोठी अडचण वेगाची होती. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. छत्तीस इंची चाकाचा घेर सुमारे २.९ मीटर. पाय कितीही गरगर फिरवले तरी एका फेऱ्यात तेवढंच अंतर. नोव्हेंबर १८६९ मध्ये पॅरिस ते रुआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत झाली. जेम्स मूर नावाचा इंग्रज तरुण जिंकला. त्याच्या यंत्राच्या आसात त्या काळी अगदी नवे असलेले छर्रे बसवलेले होते, तरीही त्याला पावणेअकरा तासांच्या आसपास लागले. म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर. घोडागाडीने सहज मागे टाकावं असा वेग.

आज आपण याला सोपं उत्तर देऊ: पायडलला मोठं दातेरी चक्र, मागच्या चाकाला लहान, मधे चेन. १८६९ मध्ये हे कागदावर काढता येत होतं, पण धूळ-चिखलात रोज चालेल, न ताणता-तुटता पायाचा जोर पेलेल आणि सायकलवाल्याला परवडेल अशी बारीक चेन बाजारात नव्हती. मग चेनशिवाय वेग वाढवायचा कसा? एकच वाट होती. चाक मोठं करायचं.

इथे गोष्ट पॅरिस सोडून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला येते. हे गाव रेशमी फितींचं आणि घड्याळांचं. १८६० मध्ये फ्रान्सशी झालेल्या व्यापार करारानंतर परदेशी फिती स्वस्तात येऊ लागल्या आणि हजारो विणकरांच्या घरी चूल पेटेना. बारीक काम जाणणारे हात रिकामे बसले. त्याच सुमारास तिथे शिवणयंत्रांचा एक कारखाना निघाला आणि त्यात जेम्स स्टार्ली नावाचा हिकमती माणूस आला. तो ससेक्समधल्या शेतकऱ्याचा मुलगा, घरातून निघून लंडनजवळ एका कारखानदाराच्या बागेत माळी झालेला. मालकिणीचं शिवणयंत्र बिघडलं ते या माळ्याने दुरुस्त केलं, आणि त्याची ख्याती शिवणयंत्रवाल्यांपर्यंत पोहोचली. १८६८ मध्ये कारखान्याच्या व्यवस्थापकाचा पुतण्या राउली टर्नर पॅरिसहून एक दुचाकी घेऊन आला. स्टेशनपासून कारखान्यापर्यंत तो तिच्यावर बसूनच आला, असं सांगतात. फ्रान्ससाठी चारशे यंत्रं करून द्या, ही त्याची मागणी. कारखान्याने काम घेतलं आणि १८६९ मध्ये नावातून शिवणयंत्र काढून टाकलं. मग १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं, फ्रेंच गिऱ्हाईक नाहीसं झालं, पॅरिसचा सायकल-धंदा बसला आणि जे करायचं ते कॉव्हेंट्रीला इंग्रज गिऱ्हाइकासाठी करावं लागलं.

स्टार्लीने यंत्र हातात घेऊन पाहिलं आणि त्याला ते जड वाटलं. दोष लाकडी चाकात होता. आपल्या बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा: मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना पाटे आणि वरून तापवून चढवलेली धाव. ओझं तुंब्यातून खालच्या आऱ्यावर येतं आणि तो आरा खांबासारखा उभा राहून ते पेलतो. चाक मोठं करायचं तर आरा लांब करावा लागतो, लांब केला की वाकू नये म्हणून जाड करावा लागतो, आणि चाक माणसाला ढकलता येणार नाही इतकं जड होऊन बसतं. तारेचं तसं नाही. तार दाबली तर लगेच वाकते, पण ओढली तर तुटेपर्यंत दाद देत नाही. तेव्हा सगळ्या तारा चहूबाजूंनी आधीच ताणून बसवल्या की रिम आणि तुंबा एकमेकांना घट्ट धरून ठेवतात आणि बोटभर जाडीच्या आऱ्याचं काम काडीएवढ्या तारेने भागतं. पॅरिसमध्ये युजीन मेयरने १८६९ मध्ये असं चाक केलं होतं. स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी १८७० मध्ये आपल्या ‘एरियल’ या सायकलीचं पेटंट घेतलं. चाक हलकं झालं, त्यामुळे मोठं करायला मोकळीक मिळाली.

तारांची पहिली मांडणी तुंब्यातून सरळ बाहेर जाणारी होती. तिच्यात एक खोट निघाली. पायडल मारलं की आधी तुंबा फिरतो, रिम मागे राहते आणि सरळ तारांना पीळ बसतो. १८७४ मध्ये स्टार्लीने तारा तिरप्या लावल्या, तुंब्याच्या कडेला स्पर्शून निघणाऱ्या, एकमेकींना ओलांडत जाणाऱ्या. अर्ध्या तारा पुढे ओढतात, अर्ध्या मागे. घराबाहेर उभी असलेली कुठलीही साधी सायकल जाऊन पाहा, मागच्या चाकाच्या तारा तशाच असतात. चाकाचा आउट काढताना मेकॅनिक ती छोटी चावी फिरवत असतो, तेव्हा तो एकेका तारेचा ताण कमी-जास्त करून रिम मधे आणत असतो. सायकल दीडशे वर्षांत पुष्कळ बदलली, चाक विणायची ही रीत मात्र तशीच राहिली.

आता हिशेब पाहा. चोपन्न इंची चाकाचा घेर सुमारे ४.३ मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात बोनशेकरच्या दीडपट अंतर. शिवाय मोठं चाक खड्ड्यात शिरत नाही, त्यावरून जातं. भरीव रबराची धाव आणि त्या काळचे रस्ते लक्षात घेतले, तर ही काही लहानसहान सोय नव्हती. म्हणजे ज्याला आपण हसतो ते चाक खरं तर गियर होतं, फक्त दात्यांऐवजी घेराने साधलेलं. पुढे ४४ दाते, मागे १८ आणि २८ इंची चाक, अशी काळी दणकट सायकल घेतली तर तिचा गियर ६८ इंच भरतो. हे इंच त्याच मोठ्या चाकाच्या व्यासाचे. गियर मोजायची ती रीत चाक गेलं तरी टिकली.

मर्यादा होती ती पायाची. पायडल चाकाच्या आसावर, बूड चाकाच्या माथ्यावर. जेवढा पाय लांब तेवढंच मोठं चाक. त्यामुळे सायकल बुटासारखं माप घेऊन विकावी लागे, आणि उंच माणूस निव्वळ उंचीच्या जोरावर शर्यतीत पुढे राही. चढायचीही कसरत होती. मागच्या चाकाच्या वर पाठकण्याला एक लहानशी पायरी असे. तिच्यावर डावा पाय ठेवायचा, उजव्याने दोन-चार लंगड्या घालून वेग घ्यायचा आणि अंग उचलून गादीवर टाकायचं. उतरायला तीच कसरत उलट्या क्रमाने. खरा धोका पुढे होता. बसणाऱ्याचं वजन जवळजवळ पुढच्या आसाच्या वरच असल्यामुळे दगड आडवा आला किंवा ब्रेक करकचून दाबला, की अख्खी सायकल आसाभोवती पुढे उलटायची, आणि हँडलखाली मांड्या अडकल्यामुळे माणूस थेट डोक्यावर. उतारावर पुष्कळ जण पाय आधीच हँडलवरून पुढे टाकून बसत. पडायचंच आहे तर पायांवर पडू, हा त्यामागचा विचार. बेफिकिरी आणि शहाणपण यांचं इतकं चांगलं मिश्रण मला दुसरीकडे आढळलेलं नाही.

हे यंत्र चैनीचं खेळणं नव्हतं, हे टॉमस स्टीव्हन्सने सिद्ध केलं. एप्रिल १८८४ मध्ये तो पन्नास इंची कोलंबिया सायकल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. अमेरिका ओलांडली, मग युरोप, तुर्कस्तान, इराण. अफगाणिस्तानातून जाऊ दिलं नाही म्हणून वळसा घेऊन हिंदुस्थानात आला आणि १८८६ मध्ये लाहोरपासून ग्रँड ट्रंक रोडने थेट कलकत्त्यापर्यंत गेला. त्यानंतर चीन, जपान, आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला प्रवास पुरा. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली सायकल ही अशी मोठ्या चाकाची होती.

पण ती तरुण, धडधाकट पुरुषांपुरती होती. लांब घागऱ्यातल्या बायका, पोक्त गृहस्थ, डॉक्टर, पाद्री यांच्यासाठी कॉव्हेंट्रीने तिचाक्या काढल्या, आणि चेनचा प्रश्न सुटला तो या तिचाक्यांच्या वाटेने. इतिहास लिहिणारे तिचाकीकडे सावत्रपणे पाहतात, ते मला पटत नाही. शेजारी-शेजारी असलेली दोन चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत, बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. यावर स्टार्लीने १८७७ मध्ये डिफरन्शियलची जोडणी वापरली. आज मोटारीपासून रिक्षापर्यंत इंजिनाने फिरणाऱ्या चाकांच्या मधे बसतो तो हाच भाग. १८८१ मध्ये राणी व्हिक्टोरियाला आइल ऑफ वाइटवर एक मुलगी अशा तिचाकीवरून जाताना दिसली, म्हणे राणीच्या बग्गीच्याही पुढे. राणीने दोन मागवल्या. स्वतः ती बसली की नाही, हा भाग निराळा. इंग्लंडातल्या घरंदाज बायकांना बसायची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी स्टार्ली वारला. दरम्यान १८८० मध्ये मँचेस्टरला हान्स रेनोल्ड या स्विस वंशाच्या कारखानदाराने बुश आणि रोलरची चेन काढली होती. दहा वर्षं अडलेलं गाडं आता मोकळं झालं.

हॅरी लॉसनने १८७९ मध्येच मागच्या चाकाला चेन लावून एक यंत्र केलं होतं. ते इतकं लांबट आणि बेढब होतं की लोक त्याला मगर म्हणत, आणि ते चाललं नाही. चाललं ते जेम्स स्टार्लीच्या पुतण्याचं. जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ आणली. पहिल्या नमुन्यात पुढचं चाक ३६ इंची होतं आणि हँडलपासून चाकापर्यंत दांड्यांची जोडणी होती. काही महिन्यांत त्याने चाकं जवळजवळ सारखी केली, चिमटा तिरपा करून हँडल थेट त्याला जोडलं, आणि सप्टेंबर १८८५ मध्ये शंभर मैलांची शर्यत ठेवून गाडी लोकांपुढे आणली. जॉर्ज स्मिथने ते अंतर सात तास पाच मिनिटांत कापून विक्रम केला. थोरल्या स्टार्लीने चाक हलकं केलं, धाकट्याने माणूस नीट बसवला. पायडल कुठे हवं, गादी किती मागे हवी, हँडल कुठे असलं की अंगाचं वजन पायडलवर पडेल, याचा विचार त्याने आधी केला आणि नळ्या त्याभोवती जोडल्या. गादी-हँडल वरखाली करता येत असल्यामुळे एकच सायकल बुटक्यालाही चाले आणि उंचालाही. माप घेऊन विकायचं दुकान त्या दिवसापासून बंद व्हायला लागलं.

तरीही मोठ्या चाकाचे भक्त हटले नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लहान चाकं प्रत्येक खड्ड्यात शिरत. भरीव रबरावरची रोव्हर अंग खिळखिळं करी. कारागिरांनी स्प्रिंगांचे सांगाडे करून पाहिले. उत्तर आलं ते भलत्याच माणसाकडून, बेलफास्टच्या एका गुरांच्या डॉक्टरकडून. जॉन बॉइड डनलपचा मुलगा दगडी फरसबंदीवर तिचाकी चालवायचा आणि धक्क्यांनी हैराण व्हायचा. डनलपने लाकडी चकतीवर हवा भरलेली रबरी नळी कापडाने आवळून बसवली आणि ती चकती अंगणात सोडून दिली. मुलाच्या तिचाकीचं भरीव रबराचं चाकही तसंच सोडलं. ते मधेच पडलं. हवेचं चाक अंगण ओलांडून फाटकावर आपटलं आणि मागे उसळलं. १८८८ मध्ये पेटंट झालं. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम हा काही फार मोठा न गणला जाणारा खेळाडू फुगीर टायरांची सायकल घेऊन उतरला, लोक हसले, आणि तो एकामागून एक शर्यती जिंकत गेला. हरलेल्यांत हार्वी द्यू क्रॉसची मुलं होती. त्यांचा बाप व्यापारी होता, त्याने टायरचा धंदाच उभा केला. डनलपच्या हाती फारसं लागलं नाही. रॉबर्ट टॉमसनने हीच कल्पना १८४५ मध्ये पेटंट केल्याचं निघालं, आणि १८९० मध्ये डनलपचं पेटंट बाद झालं.

टायर आला आणि मोठ्या चाकाकडे उरलेलं शेवटचं कारणही गेलं. दोन-तीन वर्षांत त्याचं उत्पादन थांबलं. १८९० च्या सुमारास सायकलीचा चौकटीचा सांगाडा ठरून गेला, तो आजतागायत. पण हवेच्या टायराला रबर लागतं. सायकलवाल्यांच्या मागणीने रबराचा भाव चढला तेव्हा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड काँगोच्या जंगलातून ते सक्तीने काढून घेत होता. ठरलेलं रबर न आणणाऱ्या गावांवर बंदुका चालत, हात तोडले जात. सुखाने गुळगुळीत धावणाऱ्या त्या टायरांचा हाही हिशेब आहे, आणि सायकलीच्या जुन्या जाहिरातींत तो अर्थातच कुठे दिसत नाही.

डनलपने पेटंट घेतलं त्याच १८८८ साली बेळगावात एक सायकलीचं दुकान निघालं. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते. मुंबईत सायकली घेऊन ते बेळगावला थोरल्या भावाकडे, रामुअण्णांकडे पाठवत, आणि रामुअण्णा त्या विकत. विकत घेणाऱ्याला चालवायला शिकवणं हाही धंद्याचाच भाग. त्या काळी सायकल ही मोठ्या पगारदारालाच परवडावी अशी वस्तू, तेव्हा गिऱ्हाइकं मोजकीच. पुढे दोघा भावांनी कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. कॉव्हेंट्रीतही तेच चाललं होतं. ‘एरियल’चा भागीदार हिलमन मोटारींकडे गेला आणि १९०१ मध्ये धाकटा स्टार्ली वारल्यावर तीन वर्षांत रोव्हरच्या कारखान्यातून मोटार बाहेर पडली. १९१० मध्ये किर्लोस्करांनी बेळगाव सोडून औंध संस्थानात कुंडल रोडच्या माळावर कारखाना नेला, तो नांगरांचा होता.